रिटेनरमध्ये आपण नेमकं काय विकतो?

आज आपण एका साध्या दिसणाऱ्या व्यवहाराचा विचार करू. भाषांतर, डिझाइन, हिशेबलेखन अशी कामं स्वतंत्रपणे करणारी माणसं आणि त्यांचे ग्राहक यांच्यातला 'रिटेनर'. दरमहा ठरलेली रक्कम, आणि त्याबदल्यात चालू राहणारं काम. आता प्रश्न असा, की इथे नेमकं काय विकलं जातं?

उक्त्या कामात उत्तर सोपं आहे. पुस्तक भाषांतरित करून दिलं, पैसे मिळाले, विषय संपला. रिटेनरमध्ये मात्र कामाबरोबर आपण आपली तयारीही विकतो. महिन्याचे वीस तास एका ग्राहकासाठी राखले, की ते दुसऱ्याला देता येत नाहीत.

खानावळीचं उदाहरण घ्या. महिन्याचे पैसे आपण आगाऊ भरतो. न सांगता जेवायला गेलो नाही तर पैसे परत मागता येत नाहीत, कारण आपल्या वाटणीचा स्वयंपाक झालेला असतो. आधी सांगितलं तर खाडा धरतात, पण खाड्यांनाही मर्यादा असते. न वापरलेल्या तासांचंही तसंच आहे. ते पुढच्या महिन्यात न्यायचे का, आणि किती, हे सुरुवातीलाच ठरवायला हवं.

पैशांची तारीखही लिहून ठेवावी. शक्यतो महिन्याच्या सुरुवातीची. उद्यम नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लघु व्यावसायिकाला 2006 च्या एमएसएमईडी कायद्याचा आधार आहे. काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावेच लागतात. करारात याहून लांबची मुदत घालता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं.

आता जरा मागे जाऊ. आपल्याकडे वर्षभराच्या चालू कामाची जुनी रीत होती, बलुत्याची. सुतार-लोहार वर्षभर अवजारं दुरुस्त करत, सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा घेत. वरवर पाहता हा रिटेनरच, नाही का? पण काम जन्माने ठरलेलं होतं, ते किती करायचं याला हद्द नव्हती आणि सोडून जायची वाट नव्हती. महार वतनात तर सरकारी कामाचं बोलावणं रात्री-अपरात्री कधीही येई, आणि मोबदला तुटपुंजा. त्या जोखडातून सुटका व्हावी म्हणून डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडलं.

आजचा रिटेनर आपण आपल्या मर्जीने स्वीकारतो, हा फरक फार मोठा आहे. पण मर्जी पहिल्या सहीपुरतीच उरली, तर तो फरक हळूहळू पुसट होतो. रात्री अकराला निरोप येतो, 'एवढं जरा बघा ना', आणि आपण बघतो. म्हणून तीन गोष्टी कागदावर हव्यातच: कोणतं काम यात येत नाही, जादा तासांचा दर काय, आणि किती दिवसांची सूचना देऊन दोघांपैकी कुणालाही थांबता येईल. ही तिसरी अट घालायला आपल्याला संकोच वाटतो. सुरुवातीलाच निरोपाची भाषा कशाला, असं वाटतं. पण थांबता येत असूनही आपण थांबत नाही, तेव्हाच ती खरी बांधिलकी म्हणायची. पहिला करार तीन महिन्यांचाच करावा, आणि मग दोघांनी बसून तो पुन्हा वाचावा.