‘तांबूस’ आणि ‘तपकिरी’ : दोन वर्णवाचक शब्दांचा तौलनिक अर्थविचार

प्रस्तावना

‘तांबूस’ व ‘तपकिरी’ हे शब्द मराठी लेखनात, विशेषतः अनुवादित पाठ्यसामग्रीत, अनेकदा एकमेकांच्या जागी योजले जातात. ललित लेखनात यामुळे फारसे बिघडत नाही. परंतु रसायनशास्त्र, मृदाशास्त्र यांसारख्या विषयांत रंगाचे नाव हीच निरीक्षणाची नोंद असते. तेथे ही सरमिसळ अर्थहानी करते. प्रस्तुत लेखात या दोन शब्दांची घडण, अर्थक्षेत्र व अध्यापनातील उपयोग यांचा विचार केला आहे.

शब्दांची घडण

‘तांबूस’ शब्दाचे मूळ संस्कृत ‘ताम्र’ या शब्दात आहे. त्यापासून ‘तांबे’ आणि ‘तांबडा’ हे शब्द आले. ‘तांबडा’ म्हणताना आज कोणाला धातू आठवत नाही, इतका तो भाषेत मुरला आहे. त्याला लिंगवचनाचे विकार होतात (तांबडा, तांबडी, तांबडे), ‘तांबारणे’ हे क्रियापद त्याच्याच कुळातील आहे आणि ‘तांबडे फुटणे’ हा वाक्प्रचारही रूढ आहे. ‘तांबूस’ हे याच कुळातील सौम्य छटा दर्शविणारे रूप होय.

‘तपकिरी’ हा शब्द तपकीर, म्हणजे नाकात ओढावयाची तंबाखूची पूड, हिच्यावरून आला. तंबाखू भारतात पोर्तुगीजांबरोबर आली. तेव्हा या पुडीवरून आलेला रंगार्थ त्यापूर्वीचा असणे संभवत नाही. हे विशेषण अविकारी आहे. त्यापासून क्रियापद वा वाक्प्रचार रूढ झालेला नाही. बर्लिन व के यांनी १९६९ साली मूलभूत वर्णवाचक शब्दांचे निकष मांडताना वस्तूच्या नावावरून आलेल्या शब्दांबाबत सावधगिरी सुचविली होती. ‘तपकिरी’ची स्थिती नेमकी तशी आहे.

अर्थक्षेत्र

‘तांबडी गाय’, ‘तांबडी माती’ या प्रयोगांतील रंग इंग्रजीच्या ‘ब्राऊन’च्या कक्षेत येऊ शकतो, तरी ‘तपकिरी गाय’ हा प्रयोग मराठी कानाला अनुवादित वाटतो. म्हणजेच ‘ब्राऊन’च्या क्षेत्राचा लालीकडील भाग मराठीत पूर्वीपासून ‘तांबडा’ने व्यापलेला आहे. ‘तांबूस’मध्ये लाली दिसणे अनिवार्य आहे, ‘तपकिरी’त ती असेलच असे नाही. वर्णविज्ञानाच्या दृष्टीने तपकिरी हा मुख्यतः काळोखी आलेला नारिंगी होय. संत्र्याच्या रंगाची तेजस्विता भोवतालच्या तुलनेत पुरेशी कमी केली की तोच तपकिरी दिसू लागतो.

नागपूर परिसरात आणखी एक अडचण संभवते. १९५६ पर्यंत हे शहर जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी होते आणि येथील वर्गात मराठी व हिंदी आजही शेजारी नांदतात. हिंदीतील ‘भूरा’ म्हणजे तपकिरी. मराठीतील ‘भुरा’, ‘भुरकट’ यांत मात्र फिकेपणा व धुळकटपणा प्रधान असतो. उच्चारसाम्यामुळे नोंदवहीतील रंग बदलू शकतो.

अध्यापनातील महत्त्व

फेरिक हायड्रॉक्साइडचा साका तांबूस-तपकिरी असतो, तर बेनेडिक्ट चाचणीत मिळणारा क्युप्रस ऑक्साइडचा साका विटकरी लाल. दोन्ही ठिकाणी विद्यार्थ्याने केवळ ‘लाल’ लिहिले तर निरीक्षण डोळ्यांनी अचूक झाले असूनही शब्दांत चुकते. नायट्रेटच्या चाचणीतील वलयास ‘तपकिरी वलय’ म्हणणे योग्य. तेथे ‘तांबूस’ चालणार नाही.

नागपुरातच राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो आहे. मृदा सर्वेक्षणात मातीचा रंग मन्सेल तक्त्याशी ताडून नोंदविण्याची पद्धत रूढ आहे. या तक्त्यात ‘७.५ वायआर ४/४’ हा रंग ‘ब्राऊन’ आहे. तेजस्विता व गडदपणा तोच ठेवून छटा ‘५ वायआर’ केली की तो ‘रेडिश ब्राऊन’ होतो. एका पायरीचा हा फरक मराठीत अनुक्रमे ‘तपकिरी’ व ‘तांबूस-तपकिरी’ असाच उतरला पाहिजे.

समारोप

या विवेचनावरून असे सुचवावेसे वाटते की, लाली प्रधान व सौम्य असेल तेथे ‘तांबूस’, काळोखी प्रधान असेल तेथे ‘तपकिरी’ आणि दोन्ही असतील तेथे ‘तांबूस-तपकिरी’ हा जोडशब्द वापरावा. जोडशब्दात मूळ रंग शेवटी व छटा आधी, हा क्रम पाळावा. मराठीजवळ शब्द पुरेसे आहेत. प्रयोगशाळेतील नोंदवही तपासताना आपण अध्यापकांनी त्यांतील भेद जपला, तर विद्यार्थ्यांचे निरीक्षण त्यांच्याच भाषेत अचूक उतरेल.