पद्मिनी मोटारगाडी

मुंबईतील कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्स लि. या कंपनीने उत्पादित केलेली चार दरवाज्यांची, मध्यम आकाराची कौटुंबिक मोटारगाडी. इटलीतील फियाट कंपनीच्या ‘११००’ या मालिकेतून ती उत्क्रांत झाली. भारतात १९५४ पासून २००० च्या सुमारापर्यंत ही मालिका वेगवेगळ्या नावांनी तयार होत राहिली. ‘पद्मिनी’ हे त्यांतील शेवटचे नाव असून ते १९७४ मध्ये देण्यात आले. तथापि महाराष्ट्रातील लोक तिला अखेरपर्यंत ‘फियाट’ असेच म्हणत. तिच्या इतिहासाचे दोन अगदी असमान भाग पडतात. पहिल्या दहा वर्षांत गाडीचा आकार व बाह्यांग यांत वारंवार बदल झाले. त्यानंतरच्या सुमारे ३६ वर्षांत नावे बदलली, पण मूळ गाडी जवळजवळ तीच राहिली.

भारतात मोटारगाड्यांचा कारखाना काढावा, ही कल्पना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० नंतरच्या दशकात आग्रहाने मांडली होती. ती प्रत्यक्षात आणण्याचा प्रयत्न उद्योगपती वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी केला. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी त्यांनी सहकार्याचा करार केला. परंतु दुसऱ्या महायुद्धामुळे व तत्कालीन सरकारच्या अनास्थेमुळे काम रेंगाळले. प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना १९४४ मध्ये झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, डिसोटो, प्लिमथ या बनावटींच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. या गाड्या आकाराने मोठ्या व पेट्रोलचा खप फार असणाऱ्या होत्या. शिवाय त्यांचे भाग परदेशातून आणून येथे केवळ जोडले जात. १९५३ मध्ये प्रशुल्क आयोगाने केलेल्या शिफारशींनुसार, भाग देशात तयार करण्याचा टप्प्याटप्प्याचा कार्यक्रम नसलेल्या जोडणी-कंपन्यांना येथून पाय काढता घ्यावा लागला. फोर्ड व जनरल मोटर्स या बलाढ्य कंपन्याही त्यांत होत्या. मोटारगाड्यांच्या क्षेत्रात प्रामुख्याने कलकत्त्याजवळील हिंदुस्थान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड व मुंबईची प्रीमियर अशा तीनच कंपन्या उरल्या. देशातच संपूर्णपणे बनवता येईल अशी लहान, काटकसरी गाडी प्रीमियरला हवी होती. फियाट ५०० या चिमुकल्या गाडीच्या अनुभवानंतर कंपनीने ११०० ची निवड केली.

फियाटच्या ११०० ची परंपरा १९३७ मधील ‘५०८ सी’ या गाडीपर्यंत मागे जाते. त्या गाडीच्या चार सिलिंडरांच्या एंजिनाचा व्यास ६८ मिमी., धाव ७५ मिमी. व धारणाशक्ती १,०८९ घ. सेंमी. होती. हे आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. कारण कुर्ल्याच्या कारखान्यात १९९० नंतरही याच मापांचे पेट्रोल एंजिन बनत होते. १९५३ मध्ये जिनीव्हाच्या प्रदर्शनात फियाटने संपूर्णपणे नवी ११०० मांडली. दांते जाकोझा या अभियंत्याच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या या गाडीचा कारखान्यातील संकेतांक ‘१०३’ असा होता. तीत वेगळा सांगाडा नव्हता. तळ, बाजू व छत यांचे पोलादी पत्रे एकत्र जोडून बनविलेले कवचच गाडीचा सर्व भार पेलत असे. त्यामुळे वजन घटून आतील जागा वाढली. मात्र अशा रचनेत तळाचा पत्रा गंजला, तर केवळ शोभा जात नाही, गाडीची ताकदच कमी होते. मुंबईच्या दमट व खाऱ्या हवेत हा दोष किरकोळ म्हणता येणार नाही.

प्रीमियरने १९५४ मध्ये हीच गाडी ‘मिलेचेंतो’ (इटालियन भाषेत अकराशे) या नावाने भारतात आणली. तिची पाठ गोलसर, मडगार्डे फुगीर व तोंड पुढे आलेले होते. पुढच्या दरवाज्यांच्या बिजागऱ्या मागील खांबाला असल्याने ते उलट दिशेने उघडत. मुंबईकरांनी तिच्या आकारावरून तिला ‘डुक्कर फियाट’ हे नाव दिले. त्यात हेटाळणीपेक्षा लाडच अधिक असावा. कारण जुन्या गाड्यांचे शौकीन आजही हेच नाव अभिमानाने वापरतात. पुढे एलिगंट, सिलेक्ट व सुपर सिलेक्ट या आवृत्त्या आल्या. समोरची जाळी, काचांचे आकारमान व अंतर्भागाची सजावट यांत इटलीत होणारे बदल काही काळाने कुर्ल्यातही होत. अमेरिकन गाड्यांच्या प्रभावाने युरोपात रूढ झालेले शेपटीकडील पर हळूहळू मागील मडगार्डांवर दिसू लागले आणि गोल पाठीची जागा सरळ, कोनदार पेटीने घेतली.

फियाटने १९६२ मध्ये ‘११०० डी’ ही आवृत्ती काढली. भारतात ती १९६४ मध्ये ‘डिलाइट’ या नावाने आली. येथे एक महत्त्वाचा फरक राहिला. इटलीतील ११०० डी मध्ये १,२२१ घ. सेंमी. चे मोठे एंजिन होते. भारतीय गाडीत मात्र जुने १,०८९ घ. सेंमी. चेच ठेवण्यात आले. म्हणजे नव्या पिढीचे कवच आले, तरी गाडीचे हृदय आधीच्याच पिढीचे होते. १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी ‘फियाट’ हे नाव मागे पडून काही काळ ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ व नंतर ‘प्रीमियर पद्मिनी’ असे नामांतर झाले. चितोडच्या कथेतील राणीचे हे नाव इतके रुळले, की गाडीचे कुळ इटालियन आहे हे अनेकांच्या ध्यानातही येत नसे.

यांत्रिक रचना : पद्मिनीचे एंजिन पुढे, लांबीच्या दिशेने बसविलेले असून शक्ती लांब दंडावाटे मागील चाकांना मिळते. झडपा सिलिंडरांच्या शीर्षात, तर त्या उघडणारा कॅमदंड खाली बाजूस असतो. शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती एवढीच आहे. पुढील चाके परस्परांपासून स्वतंत्रपणे वरखाली होतात व त्यांना मळसूत्री स्प्रिंगा असतात. मागे अखंड आस व पात्यांच्या स्प्रिंगा आहेत. पुढील व मागील आसांमधील अंतर २३४ सेंमी. आहे. चार पुरोगामी गतींचा गिअर बदलण्याची दांडी सुकाणू-चक्राच्या दांड्यावर बसविलेली असते. या एका तपशिलामुळे पुढची बैठक सलग बाकासारखी ठेवता आली व चालकाशेजारी दोघांना बसता येई. चार माणसांसाठी आखलेल्या गाडीत भारतीय कुटुंब सहा-सात जणांनिशी प्रवास करी, ते याच बाकामुळे. एंजिनाभोवती हात घालण्यास भरपूर मोकळी जागा असल्याने साध्या पान्यांच्या साहाय्याने रस्त्याकडेच्या मिस्त्रीलाही ते उघडता येते. टॅक्सीचालकांना ही गाडी सोयीची वाटली, त्याचे हे एक प्रमुख कारण होय.

रचनेतील बदल १९६४ नंतर जवळजवळ थांबले, याची कारणे अभियांत्रिकीपेक्षा आर्थिक धोरणात अधिक सापडतात. मोटारगाड्यांचे उत्पादन परवान्याने मर्यादित केलेले होते. वाटप व विक्री १९५९ च्या आदेशाने नियंत्रित झाली होती आणि किंमतीही शासन ठरवीत असे. किंमतींचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. गिऱ्हाइकाला गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे; अशा बाजारपेठेत पत्रा दाबण्याचे महागडे साचे टाकून देऊन नवे आणण्याची निकड उत्पादकाला भासत नव्हती आणि त्यासाठी लागणारे परकीय चलनही सहज मिळत नव्हते. दरम्यान इटलीत ११०० चे उत्पादन १९६९ मध्ये थांबून तिची जागा पुढील चाकांना शक्ती देणाऱ्या फियाट १२८ ने घेतली होती.

या धोरणाचा लाभही नाकारता येत नाही. भाग देशातच बनविण्याच्या सक्तीमुळे मुंबई-पुण्याच्या परिसरात सुटे भाग तयार करणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांची साखळी उभी राहिली. राज्याच्या पूर्व टोकाचा वाटा मात्र मुख्यतः कच्च्या मालाचा राहिला. पोलादनिर्मितीस आवश्यक असलेल्या मँगॅनिजाचे धातुक भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील खाणींतून निघते. मोटारगाड्यांचा कारखाना या जिल्ह्यात निघाला नाही. १९८० नंतरच्या दशकात गडेगाव येथे अशोक लेलँड कंपनीचा कारखाना आला, पण तो जड वाहनांशी निगडित आहे.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० बाजारात आली आणि पद्मिनीचे वय एकाएकी उघडे पडले. प्रीमियरने १९८५ मध्ये ‘११८ एनई’ ही गाडी काढली. तिचे कवच १९६६ च्या फियाट १२४ पासून निघालेल्या स्पॅनिश सेआट १२४ वर आधारलेले, तर १,१७१ घ. सेंमी. चे एंजिन जपानी निस्सान कंपनीच्या रचनेचे होते. ही खऱ्या अर्थाने नवी पिढी ठरावयास हवी होती. परंतु तिचेही कवच जवळजवळ वीस वर्षांचे जुने असल्याने ती पद्मिनीची जागा घेऊ शकली नाही आणि दोन्ही गाड्या शेजारी शेजारी बनत राहिल्या. १९९० नंतरच्या दशकात पद्मिनीला १,३६६ घ. सेंमी. चे डीझेल एंजिन, तसेच जमिनीवरील गिअर-दांडी व स्वतंत्र बैठका देण्यात आल्या. हे बदल तीस वर्षे उशिरा आले. २००० च्या सुमारास उत्पादन बंद पडले.

मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपात मात्र पद्मिनी त्यानंतरही दोन दशके टिकली. टॅक्सी सीएनजी इंधनावर वळविण्यात आल्या, तेव्हा तिच्या सामान ठेवण्याच्या कप्प्यात इंधनाची टाकी बसली आणि प्रवाशांच्या पेट्या टपावरील जाळीवर चढल्या. २०१३ मध्ये राज्य शासनाने मुंबईतील टॅक्सींसाठी २० वर्षांची वयोमर्यादा घातली. टॅक्सी म्हणून शेवटच्या पद्मिनीची नोंदणी ताडदेव येथील परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. तिची मुदत ऑक्टोबर २०२३ अखेर संपली. खाजगी मालकांच्या गाड्यांना ही मर्यादा लागू नसल्याने नोंदणीचे नूतनीकरण करून काही पद्मिनी अजूनही वापरात आहेत.