लेकरू कोणाकडे राहील?

आईबाप गेलेले, किंवा आईबापांना सांभाळता न येणारे मूल नात्यातल्याच माणसांनी वाढवणे म्हणजे नातेवाइकांकडील संगोपन. बुलढाणा जिल्ह्यात त्याला वेगळे नाव लागत नाही. ‘पोरं आजोळी आहेत’ एवढे सांगितले की ऐकणाऱ्याला पुढचे कळते. आजी, मामा, मावशी, चुलता, आत्या यांनी लेकरे वाढवण्याची रीत जुनी. कायदा आणि अनुदान फार नंतर आले.

या जिल्ह्यात हा प्रश्न वारंवार उभा राहतो त्यामागे शेतीची ओढाताण आहे. २००६ मध्ये केंद्र सरकारने विदर्भातील शेतकरी आत्महत्यांचे सहा जिल्हे निवडून पॅकेज दिले, त्यात अमरावती, अकोला, वाशीम, यवतमाळ, वर्धा यांच्यासोबत बुलढाणा होता. आत्महत्येचे प्रकरण पात्र ठरले तर कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत मिळते. तीस हजार रोख आणि सत्तर हजार ठेवीत. ही मदत कर्ता माणूस गेल्याची असते. त्याची मुले पुढे कोणाच्या घरी राहणार, हे तिच्यातून ठरत नाही. विधवा आई माहेरी जाते आणि मुले सासरी राहतात, कधी ती मुलांसह जाते, कधी दुसरे लग्न होऊन मुले आजीच्या पदरात येतात. आजारपण, तुरुंगवास, कामासाठी गाव सोडणे ही आणखी कारणे.

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची, आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, असे त्याची मूलतत्त्वे सांगतात. निर्णय जिल्ह्याच्या बालकल्याण समितीचा असतो. तिच्यात एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत किमान एक महिला. काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल आढळले, तर प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत त्याला समितीसमोर आणावे लागते. सामाजिक चौकशी पंधरा दिवसांत आणि अंतिम आदेश चार महिन्यांत व्हावा, अशी मुदत आहे. सगळ्यात मोलाचा भाग या चौकशीचा. आजीचे घर पाहून, शेजारी आणि शाळेत विचारून, मुलाशी एकांतात बोलून केलेली चौकशी आणि कार्यालयात बसून भरलेला तक्ता यांतून दोन वेगळी आयुष्ये घडू शकतात.

कायद्यातील ‘प्रतिपालन’ म्हणजे जन्मदात्या कुटुंबाबाहेरच्या, समितीने निवडलेल्या घरात मूल ठेवणे. भावंडांना शक्यतो एकत्र ठेवावे, समितीने दरमहा त्या घराची पाहणी करवावी, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. आजीच्या किंवा मामाच्या घराला आधार मिळतो तो बहुधा दुसऱ्या वाटेने. महाराष्ट्रात २००५ पासून बालसंगोपन योजना आहे. आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. तिचे दरमहाचे अनुदान २०२३ मध्ये ११०० रुपयांवरून २२५० रुपये झाले. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतील प्रायोजकत्वात दरमहा ४००० रुपये मिळू शकतात, आणि ते विस्तारित कुटुंबात राहणाऱ्या मुलांसाठीही आहे. अर्जासोबत मृत्यूचा दाखला, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, रेशनकार्ड, बँक पासबुक, घरासमोर काढलेला पालक आणि मुलाचा फोटो अशी कागदपत्रे लागतात. संग्रामपूर किंवा जळगाव जामोदच्या सातपुड्याकडील गावातून यासाठी फेऱ्या मारणाऱ्या सत्तरीच्या आजीची मजुरी बुडते, हा खर्च कोणत्याही हिशेबात येत नाही.

पैशाहून नाजूक प्रश्न जमिनीचा. बाप गेल्यावर वारस नोंद होते आणि सातबाऱ्यावर अल्पवयीन मुलाच्या नावाबरोबर ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून कोणाचे तरी नाव लागते. हे नाव लागले म्हणून जमीन विकता येत नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ नुसार आईवडिलांनाही अल्पवयीनाची स्थावर मिळकत न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि केवळ सांभाळ करतो म्हणून पालक झालेल्या नातेवाइकाला तर तिचा व्यवहारच करता येत नाही. वाटणी न झालेल्या एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतील हिश्श्याला मात्र निराळे नियम लागतात. मूल कोणाकडे राहील हा वाद पुष्कळदा शेत कोण कसणार या वादाच्या पोटात दडलेला असतो. दोन्ही प्रश्न सुटे करून विचारले, तर मुलाचे हित कुठे आहे ते लवकर दिसते.

निर्णयात कुटुंबाला खरोखर सामील करून घेण्याची एक ठाशीव पद्धत न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने आणली. माओरी समाजात मुलाचा विचार सगळे गोत मिळून करते. सरकारी यंत्रणा माओरी मुलांना घरापासून तोडत होती, तो राग या बदलामागे होता. कौटुंबिक बैठकीत आधी अधिकारी आपली माहिती मांडतात, मग बाहेर जातात. नातेवाईक एकटेच बसून योजना आखतात आणि ती अधिकाऱ्यांपुढे ठेवतात. विदर्भाला भावकीची बैठक परकी नाही. पण भावकीत बहुतेक वेळा पुरुष बोलतात, आई ओसरीच्या कडेला आणि मूल बाहेर असते. म्हणून बैठक जमवणारी व्यक्ती त्या घरातली नसावी, आणि आजोळ व सासर दोन्हीकडची माणसे बोलावलेली असावीत. गाव बाल संरक्षण समिती यासाठी जवळची जागा ठरू शकते: सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सदस्य सचिव, पोलीस पाटील सदस्य. कोणाच्या घरी चूल पेटली नाही हे अंगणवाडी सेविकेला इतर कोणाच्याही आधी कळते.

मुलाचे मत हे उपकार म्हणून विचारायचे नसते. सहभाग हे बाल न्याय कायद्याच्या मूलतत्त्वांपैकी एक आहे, आणि १८९० चा पालक व पाल्य अधिनियमही विचार करून पसंती सांगण्याइतक्या मोठ्या मुलाचे मत न्यायालय लक्षात घेऊ शकते असे म्हणतो. नात्याचे घर आपोआप सुरक्षित असते असेही नाही. गुरे राखायला ठेवलेला भाचा, शाळा सुटून लहानग्यांना सांभाळणारी पुतणी, सतराव्या वर्षी ‘जबाबदारी संपवण्यासाठी’ उरकलेले लग्न हे सगळे आपल्याच माणसांच्या हातून होते. म्हणून आदेशानंतरच्या गृहभेटी महत्त्वाच्या. आजी थकली तर पुढे कोण, हे नाव पहिल्याच बैठकीत लिहून ठेवायला हवे. संकट दिसल्यास १०९८ या क्रमांकावर मूल स्वतःही फोन करू शकते.

अठरा पूर्ण झाल्यावर अनुदान थांबते. बाल न्याय कायद्यातील अनुरक्षणाचे साहाय्य संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी आहे. आजीच्या घरून निघालेल्याला ते लागू होत नाही. राज्याने २०१८ मध्ये अनाथांना शिक्षण आणि नोकरीत एक टक्का आरक्षण दिले. आता त्यात संस्थाबाह्य म्हणजे नातेवाइकांकडे वाढलेल्या अनाथांचाही प्रवर्ग आहे, मात्र आई आणि वडील दोघेही गेलेले असावे लागतात आणि महिला व बालविकास विभागाचे अनाथ प्रमाणपत्र लागते. बाप गेला आणि आई दूर राहते, अशी आजोळची मुले त्यात बसत नाहीत.