घाट चढून आल्यावर गाडी लगेच बंद करू नका, टर्बो जाईल!

पिकअप, जीप आणि अनेक नव्या ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनाला टर्बो असतो. इंजिनातून निघणाऱ्या गरम धुरावर त्याचा पंखा मिनिटाला लाखभर फेऱ्या मारतो आणि इंजिनात जादा हवा दाबतो. त्यानेच ताकद वाढते.

या पंख्याच्या दांड्याला इंजिन ऑईलचाच आधार. भरलेली गाडी घाट चढून आली आणि लगेच बंद केली, की ऑईल थांबते. तापलेल्या टर्बोत उरलेले ऑईल जळून काजळी धरते, बेअरिंग खराब होते. म्हणून आधी एक-दोन मिनिटे गाडी न्यूट्रलवर, रेस न देता चालू ठेवा.

ऑईल वेळेवर बदला. धुळीत एअर फिल्टर वरचेवर तपासा. निळा धूर, शिट्टीसारखा नवा आवाज आला किंवा ओढ कमी झाली, तर मेकॅनिकला लगेच दाखवा.