दुव्यांवरून ठरते पानाचे मोल

इंटरनेटवर एखादा शब्द टंकित करताच असंख्य पानांची यादी क्षणार्धात समोर येते. या यादीत कोणते पान पहिले असावे, हे केवळ शब्दांवरून ठरवता येत नाही. त्यासाठी शोधयंत्रे ज्या घटकांचा आधार घेतात, त्यांपैकी एक मूलभूत घटक म्हणजे एका पानावरून दुसऱ्या पानाकडे नेणारा दुवा, अर्थात हायपरलिंक.

१९९० च्या दशकातील शोधयंत्रे प्रामुख्याने शब्दांची मोजणी करीत असत. शोधलेला शब्द ज्या पानावर अधिक वेळा येई, ते पान यादीत वर जाई. या पद्धतीत दोन त्रुटी होत्या. पानाचा कर्ता तोच शब्द वारंवार लिहून आपले स्थान उंचावू शकत असे. शिवाय, अनेकदा हव्या असलेल्या पानावर तो शब्दच नसे. होंडा किंवा टोयोटा या कंपन्यांच्या मुखपृष्ठांवर 'मोटार उत्पादक' हे शब्द आढळत नसत, याकडे अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञ जॉन क्लाइनबर्ग यांनी लक्ष वेधले होते.

संदर्भांकडून दुव्यांकडे

यावरील उपायाचे मूळ ग्रंथालयशास्त्रात सापडते. एखाद्या शोधनिबंधाचा उल्लेख इतर निबंधांत किती वेळा झाला, यावरून त्याचे महत्त्व अजमावण्याची पद्धत विद्वानांना परिचित होती. यूजीन गारफिल्ड यांची विज्ञानविषयक संदर्भसूची १९६४ मध्ये प्रसिद्ध झाली होती. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे विद्यार्थी लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी हाच विचार संकेतस्थळांना लागू केला आणि १९९८ मध्ये आपल्या शोधयंत्राचा आराखडा मांडला. त्यातील क्रमवारीच्या पद्धतीला 'पेजरँक' असे नाव देण्यात आले. गूगल कंपनीची स्थापनाही त्याच वर्षी झाली.

पेजरँकमध्ये प्रत्येक दुवा हे एक मत मानले जाते. मात्र सर्व मते समान नसतात. महत्त्वाच्या पानाने दिलेल्या मताला अधिक वजन असते आणि एका पानाचे वजन त्यावरील सर्व दुव्यांमध्ये विभागले जाते. समजा, इंटरनेटवर क, ख आणि ग अशी तीनच पाने आहेत. 'क' पानावरून 'ख' व 'ग' या दोहोंकडे, 'ख' वरून 'ग' कडे आणि 'ग' वरून 'क' कडे दुवा आहे. एकूण महत्त्व १० मानल्यास गणित स्थिरावते तेव्हा 'क' ला ४, 'ख' ला २ आणि 'ग' ला ४ गुण मिळतात. 'ग' कडे दोन दुवे येतात, तर 'क' कडे एकच. तरीही दोघांचे गुण समान आहेत, कारण 'क' कडे येणारा एकमेव दुवा महत्त्वाच्या पानाचा आहे.

याच सुमारास क्लाइनबर्ग यांनी वेगळी पद्धत सुचवली. त्यांनी पानांची दोन प्रकारांत विभागणी केली. एक, विषयाची अधिकृत माहिती देणारी पाने आणि दुसरी, अशा पानांचे दुवे संकलित करणारी मार्गदर्शक पाने. चांगले मार्गदर्शक पान चांगल्या अधिकृत पानांकडे नेते आणि अधिकृत पान चांगल्या मार्गदर्शक पानांवरून ओळखले जाते, असे हे परस्परावलंबी नाते आहे. आयबीएम कंपनीच्या अल्माडेन येथील प्रयोगशाळेत 'क्लेव्हर' या प्रकल्पाद्वारे ही पद्धत पुढे विकसित झाली. प्रभाकर राघवन आणि पुढे मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक झालेले सौमेन चक्रवर्ती यांचा त्यात सहभाग होता.

दुव्याचे शब्द

दुवा ज्या शब्दांवर दिलेला असतो, ते शब्दही उपयुक्त ठरतात. लेखक स्वतःच्या पानाविषयी जे सांगतो, त्यापेक्षा इतरांनी त्या पानाचे केलेले वर्णन अनेकदा अधिक नेमके असते. त्यामुळे ज्या पानावर शोधलेला शब्द नाही, किंवा केवळ चित्र आहे, तेही सापडू शकते.

मात्र याच गुणाचा गैरवापरही झाला. २००३ मध्ये 'दारुण अपयश' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवर अनेकांनी ठरवून दुवे दिल्याने अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांचे अधिकृत चरित्र शोधयादीत अग्रस्थानी आले. त्या पानावर ते शब्द नव्हते. गूगलने २००७ मध्ये अशा प्रकारांना आळा घालणारा बदल केला. त्यापूर्वी २००५ मध्ये, दुवा मत म्हणून मोजू नये असे सूचित करणारी 'नोफॉलो' ही खूण प्रचारात आली होती. दुव्यांची खरेदी-विक्री आणि कृत्रिम जाळी रोखण्यासाठी २०१२ मध्ये 'पेंग्विन' हा बदल लागू करण्यात आला.

भारतीय भाषांसमोरील प्रश्न

दुवा हे मत असेल, तर ज्या भाषेत मतदार कमी, त्या भाषेतील उत्तम पानही मागे पडण्याची शक्यता असते. मराठीच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी अनेक मराठी संकेतस्थळे स्वतंत्र फॉन्ट वापरीत. वाचकाला देवनागरी दिसणारा तो मजकूर शोधयंत्राला निरर्थक रोमन अक्षरांसारखा भासे आणि दुव्यांवरील शब्दांचाही उपयोग होत नसे. युनिकोडमुळे ही अडचण बरीच दूर झाली. परंतु 'येथे टिचकी द्या' एवढ्याच शब्दांवर दुवा देण्याची सवय अनेक ठिकाणी कायम आहे. या शब्दांवरून पुढील पान पीकविम्याचे आहे की परीक्षेच्या वेळापत्रकाचे, हे शोधयंत्राला कळत नाही.

आज शोधयंत्रे वाक्याचा अर्थ, पानाची अद्ययावतता, वाचकाचे ठिकाण अशा अनेक बाबी विचारात घेतात आणि दुवा हा त्यांपैकी एक घटक आहे. तरीही चांगल्या पानाकडे अर्थपूर्ण शब्दांत दिलेला दुवा वाचकाला जशी वाट दाखवतो, तशीच ती शोधयंत्रालाही दाखवतो. मराठीतील माहिती शोधणाऱ्यापर्यंत पोहोचावी यासाठी मराठी पानांनी परस्परांची दखल घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.