बोटीखालची गाडी

अमेरिकेत जुनी बोट घ्यायला आलेला माणूस तिच्याभोवती दहा फेऱ्या मारतो. इंजिन किती तास चाललं ते विचारतो, बुडाला टिचक्या मारून बघतो, गाद्यांची शिवण चाचपतो. बोट ज्यावर उभी आहे त्या ट्रेलरकडे मात्र त्याचं लक्ष नसतं. मालकानंही दिलेलं नसतं. त्यामुळे वीस-तीस वर्षांनी वरची बोट चकचकीत आणि खालचा ट्रेलर पोखरलेला, अशी जोडी मिशिगन-मिनेसोटातल्या घरांसमोर सर्रास दिसते.

आपल्याकडे या वाहनाची फारशी गरज पडली नाही. कोकणात १ जूनला मासेमारी थांबते. नौका किनाऱ्यावर ओढून शाकारायची आणि ऑगस्टमध्ये पुन्हा पाण्यात लोटायची. एवढ्यासाठी दोर, ओंडके आणि गावकऱ्यांचे खांदे पुरत होते; आता ट्रॅक्टर नाहीतर क्रेन येते. शनिवारी सकाळी बोट शंभर किलोमीटर दूरच्या तळ्यावर न्यायची आणि संध्याकाळी अंगणात आणून उभी करायची, ही चैन अमेरिकेत रुळली. ओल इव्हिनरूड यांनी १९०९ साली मिलवॉकीत बोटीच्या मागे अडकवायचं सुटं इंजिन विकायला काढलं. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानं बनवणारी ग्रुमन कंपनी ॲल्युमिनियमच्या होड्या बनवू लागली. १९५६च्या कायद्याने ४१,००० मैलांच्या महामार्गांचं जाळं मंजूर झालं. हलकी बोट, सुटं इंजिन आणि गुळगुळीत रस्ता असं सगळं जमून आलं आणि धक्क्यावर जागा भाड्याने न घेताही बोट बाळगता येऊ लागली.

ट्रेलर दुरुस्तीला घेतला की बहुतेक जण रंगाचा डबा आणतात. माझ्या मते आधी हातोडी आणि जुना स्क्रूड्रायव्हर घ्यावा आणि सांगाडा ठोकत, टोचत जावं. चौकोनी नळ्यांचा सांगाडा आतून गंजतो. पाणी शिरतं, पण वाहून जायला वाट नसते. बाहेरून रंग शाबूत आणि आत पापुद्रे, असं असेल तर स्क्रूड्रायव्हर आरपार जातो. बोट ओढणाऱ्या गाडीला जोडायचा दांडा असा निघाला, तर ठिगळ लावू नये. तो भाग बदलावा, नाहीतर ट्रेलर भंगारात द्यावा.

सांगाडा ठणठणीत असेल तर त्याला जस्ताचा मुलामा देता येतो. वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवून काढण्याच्या पद्धतीचं पेटंट फ्रेंच अभियंता स्तानिस्लास सोरेल यांनी १८३७ साली घेतलं. आजही कुंडातलं जस्त साधारण ४५० अंश सेल्सिअसला ठेवतात. जुना रंग आधी पूर्ण उतरवावा लागतो, कारण गंज काढणारं आम्ल रंगाला हात लावत नाही. नळ्यांना भोकंही पाडावीच लागतात. बंद पोकळीत ओल राहिली तर कुंडात बुडताच तिची वाफ होऊन स्फोट होतो. हीच भोकं पुढे पाणी निघून जायला उपयोगी पडतात.

जस्त नुसतं झाकण नसतं. ओरखडा पडून लोखंड उघडं झालं तरी आजूबाजूचं जस्त आधी झिजतं आणि लोखंड वाचतं. याच तत्त्वावर हंफ्री डेव्ही यांनी १८२४ साली ब्रिटिश आरमाराला एक उपाय सुचवला होता. जहाजांच्या बुडाला तांब्याचे पत्रे असत आणि समुद्रात ते झिजत. त्यांना जस्ताचे किंवा ओतीव लोखंडाचे तुकडे जोडा, असं डेव्हींचं म्हणणं. कोचीनला सागवानात बांधलेल्या ‘समरंग’वरही हा प्रयोग झाला. तांबं खरंच झिजायचं थांबलं; पण झिजणाऱ्या तांब्याच्या विषामुळेच तर शेवाळ आणि कालवं दूर राहत होती! ती आता बुडाला बिनधास्त चिकटू लागली, जहाजं मंदावली आणि आरमाराने ते तुकडे काढायला लावले.

रस्त्यात बंद पडलेल्या ट्रेलरचं दुखणं मात्र बहुधा चाकात निघतं. त्यातली निमुळत्या रोलरची बेअरिंग ही सेंट लुइसमध्ये घोडागाड्या बनवणाऱ्या हेन्री टिमकेन यांच्या १८९८च्या पेटंटची देणगी. तासभर पळून आलेला ट्रेलर तळ्याच्या उतारावर पोचतो तेव्हा हब गरम असतं, आतली हवा फुगलेली असते. तसाच तो गार पाण्यात उतरवला की हवा आकसते आणि ऑइल सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. ग्रीस दुधाळ होतं, रोलरवर खड्डे पडतात. यावर स्प्रिंग असलेली टोपी मिळते. ती आतल्या ग्रीसवर किंचित दाब ठेवते. पण टोपी बसवली म्हणून हब उघडायचंच नाही, हा आळस महागात पडतो. बेअरिंग निळसर दिसलं तर ते तापून गेलेलं आहे, बदलावं. नवं बसवताना चाक फिरवत नट आवळायचा, मग सैल करायचा आणि शेवटी बोटांच्या जोराने बसेल इतकाच ठेवून कॉटर पिन घालायची. ताकद दाखवणाऱ्याचं बेअरिंग लवकर जळतं.

दिव्यांचा उपद्रव निम्म्याहून जास्त वेळा अर्थिंगच्या गंजलेल्या स्क्रूपाशी सापडतो. टायरची नक्षी शाबूत असली तरी फसू नये. २००० सालापासून बाजूवरच्या सांकेतिक क्रमांकाचे शेवटचे चार अंक टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. ‘२३१४’ म्हणजे २०१४चा तेविसावा आठवडा. असं टायर उन्हात उभं राहूनच म्हातारं झालेलं असतं.

उरतात बोट टेकवायच्या लाकडी फळ्या. इथे पुन्हा तांबं आडवं येतं. अमेरिकेत २००३च्या अखेरीस घरगुती लाकडासाठी आर्सेनिकयुक्त प्रक्रिया बंद झाली आणि तिच्या जागी जास्त तांबं असलेली रसायनं आली. त्या हिरवट लाकडाला कीड लागत नाही, म्हणून लोक हौसेने तेच आणतात. त्यावर गालिचा ठोकतात, गालिचा ओला राहतो आणि ॲल्युमिनियमच्या बोटीच्या बुडाला बारीक छिद्रं पडू लागतात. अशा बोटीखाली प्रक्रिया न केलेलं साधं लाकूड घालावं. ते काही वर्षांत कुजेल; तेव्हा चार बोल्ट काढून नवी फळी टाकायची.