लाईट गेली की सोलरही का बंद पडते?

"गच्चीवर सोलर बसवले, तरी लाईट गेली की घरात पंखा बंदच. मग एवढे पैसे घालून फायदा काय?" 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आल्यापासून हा सवाल आम्हाला कोल्हापुरात वारंवार ऐकू येतो. अगदी पालकसभेतही! आपण फसलो, असे अनेकांना वाटते. पण इन्व्हर्टर त्या वेळी आपले काम चोख करत असतो.

पॅनलमधून डीसी वीज निघते. महावितरणच्या तारेत एसी असते, तिची लय सेकंदाला 50 आवर्तनांची. साधा सोलर इन्व्हर्टर डीसीची एसी करतो, पण तारेतली लय पाहून. शाळेच्या कवायतीत मुलं ड्रमच्या ठोक्यावर पाऊल टाकतात, तसेच हे. ठोका थांबला की पाऊल थांबते.

थांबणे गरजेचेही आहे. 2019 आणि 2021 चा महापूर आठवा. पंचगंगेचे पाणी शिरले तिथे वीज बंद ठेवावी लागली होती. अशा वेळी लाईन बंद समजून लाईनमन खांबावर चढतो. आपल्या गच्चीवरची वीज तारेत गेली तर त्याचा जीव जाईल. म्हणून पुरवठा जाताच इन्व्हर्टर दोन सेकंदांच्या आत तारेपासून वेगळा होतो.

कधी लाईट असूनही तो भर दुपारी बंद पडतो. एकाच डीपीवरच्या बऱ्याच घरांची सोलर वीज तारेत जाते, वापर कमी असतो, मग व्होल्टेज चढते. मर्यादा ओलांडली की इन्व्हर्टर थांबतो. असे रोज होत असेल तर व्होल्टेजची नोंद ठेवून महावितरणकडे लेखी तक्रार करावी.

लाईट गेल्यावरही वीज हवी असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो. तो आधी तारेपासून घर तोडतो, मग स्वतः लय तयार करून घरापुरती वीज देतो. योजनेत 3 किलोवॅटला 78 हजार रुपये अनुदान आहे, पण बॅटरीचा खर्च वेगळा धरा. घरातला जुना बॅटरी-इन्व्हर्टर चालू असेल तर तोही पुरे.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. बंद पडलेले सोलर चालू करायला जनरेटरची वायर सॉकेटमध्ये घालण्याचा जुगाड नको. बिल वाचवायला सोलर आहेच, पण खांबावरचा माणूसही कुणाच्या तरी घरचा कमावता आहे.